राखण

सिमेंटच्या गोदामापुढे, दगडी पायरीवर
अकरा वर्षं मी रात्र राखतोय.
एक काठी, अंगावर जाड गबी,
आणि आजोबांचं दाविद,
बकऱ्याच्या कातड्यावर हाताने लिहिलेलं.
गोंदरात आम्ही स्तोत्रांना असंच म्हणतो.
दाविद झालं का? विचारतात,
जेवण झालं का विचारावं तसं.

सोमवारचा भाग सोमवारी, मंगळवारचा मंगळवारी.
भाषा गीझ, देवळात उरलेली, बाजारातून उठलेली.
अर्धी मला कळते.
उरलेली जिभेला कळते, मी तिला खोदून विचारत नाही.
देवाचं नाव येतं तिथे शाई लाल.
बॅटरी मंदावली की लालच आधी बुडतं,
काळं रेंगाळतं थोडा वेळ.
मग नाव मी अंदाजाने घेतो.
अजून चुकलेलो नाही.

दाविदात एक ओळ पहारेकऱ्यांची आहे,
पहाटेची वाट बघणाऱ्यांची.
ती आली की मी घसा खाकरतो, आमचं नाव निघालं म्हणून.
पण मालक, अनुभवाने सांगतो,
पहारेकरी पहाट होईल का, असं कधी विचारत नाही.
किती वाजले, एवढंच विचारतो.
खाली ओढ्यात तरस हसतात,
पाय गारठून लाकूड होतात,
पहाटेवर मात्र शंका नाही.

अंदुआलेमचं तसं नाही.
तो मेतेमाच्या नाक्यावरून पलीकडे गेला,
पुढे वाळू, वाळूनंतर लिबिया.
फोनवर म्हणाला, अब्बा, इथे रात्री फार थंडी आहे.
वाळवंटात थंडी? मी हसलो.
तेच शेवटचं, माझं हसणं.
चार वर्षं झाली.
मुलुनेश अजून त्याच्या वाटणीची कॉफी ओतते
आणि गार झाली की झाडाला घालते.
झाड मजेत आहे.

एक स्तोत्र अंधारातच संपतं.
शेवटी कुणी दिवा लावलेला नाही,
तरीही, परंतु, असं काही नाही.
पूर्वी मी ते भरभर वाचून पुढे सरकायचो,
स्मशानाजवळून सायकल मारावी तसं.
आता थांबतो.
तुझ्यावरची एवढी तक्रार
तू तुझ्याच पुस्तकात राहू दिलीस,
पान फाडलं नाहीस.
ज्याने एवढं ऐकून घेतलं
त्याच्यापुढे माझंही बसेल कुठेतरी, कोपऱ्यात.

गेल्या थंडीत एक पोरगा भिंतीवरून उतरला.
पोत्याला हात घातला, आणि मी मनगट धरलं.
मनगट कसलं, काडी.
त्या रात्रीचा भाग शत्रूंचे दात पाडण्याचा होता,
ते मी नुकतंच मोठ्याने म्हटलं होतं.
तो कापत होता.
भीतीने की थंडीने, मी विचारलं नाही.
गबी दोघांना पुरते, कड सोडून.
माझ्या खांद्याला टेकून तो झोपला
आणि मी वाचत राहिलो, आवाज उतरवून.
कुणाच्या तरी गबीत, कुठल्यातरी भिंतीशी,
माझाही...
पुढचं म्हटलं नाही. तुला गीझ येतं, न बोललेलंही येतं.

पहाटे डोळा लागला माझा, खोटं कशाला.
तू झोपत नाहीस असं लिहिलंय,
म्हणून थोडं तुझ्यावर सोपवलं.
उठलो तर पोरगा नाही,
एक पोतं नाही, बॅटरीही नाही.
पगारातून दोनशे बिर कापले.
मुलुनेश दिवसभर बोलली नाही,
मग संध्याकाळी म्हणाली, जेवला होता का तो?

तेव्हापासून अंधारातच म्हणतो, पाठ आहे तेवढं.
एका स्तोत्राला ओळीओळीला एकच शेपूट,
दया, दया, पुन्हा दया,
लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं.
आता गोदामाला फेरी घालताना
पावलागणिक एकेक टाकतो.
मागच्या भिंतीशी, जिथून पोरगा उतरला,
तिथे एक जास्तीचं.

किती वाजले असतील?